उचललेली पिकअप

उस्तादांनी पिकअप उंच करून आणली ती नेमकी वहिनींच्या परीक्षेच्या दिवशी. कुणी न विचारता गाड्यांबद्दल सल्ले देतात म्हणून गल्लीने त्यांना उस्ताद ठरवलं होतं, आणि त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली होती. वहिनींचं चाकांवरचं पार्लर होतं. एक लांबट डबा, मागे दार, आत आरसे, केस धुवायचं बेसिन आणि जमिनीला पक्क्या केलेल्या दोन खुर्च्या. उस्तादांची पिकअप तो ओढून नेई. त्या दिवशी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचे केस कापायचे होते. मेट्रनबाईंना पसंत पडलं तर हे काम दर महिन्याला मिळणार होतं, आणि वहिनी त्यामागे कधीच्या हात धुऊन लागल्या होत्या.

"अहो, हे काय?" वहिनींनी मान वर करून विचारलं.

"लिफ्ट किट. टायरपण मोठे टाकले. आता कुठल्याही खड्ड्यातून जाईल."

"वृद्धाश्रमापर्यंत गुळगुळीत रस्ता आहे."

उस्ताद सीटवर चढायला गेले. पाय पायरीपर्यंत पोचेना. शेवटी वहिनींनी मागून ढकललं तेव्हा ते आत गेले, तेही आडवे.

खरी गंमत पुढेच होती. पिकअप उंच झाली की मागचा हूकही उंच जातो, तेव्हा खाली वाकलेला हूक मागवून घ्या, असं गॅरेजवाल्याने बजावलं होतं. उस्ताद म्हणाले होते, बघू नंतर. त्यांनी टायर मोजले, स्प्रिंगा मोजल्या, गाडीशेजारी आपण कसे दिसतो तेही पाहून घेतलं. डबा तेवढा डोक्यातून गेला. आता हूक अडकवल्यावर डब्याचं नाक आभाळाकडे गेलं आणि मागची बाजू जमिनीला टेकायला आली. आतली सामानाची ट्रॉली घरंगळत जाऊन दारावर आदळली. दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून तसेच निघाले.

टायर मोठे झाल्यामुळे वेगाचा काटा दाखवायचा त्यापेक्षा गाडी जास्त पळत होती. उस्तादांच्या मते ते अगदी हळू चालवत होते. प्रत्येक वळणावर मागून आवाज यायचा आणि वहिनी डोळे मिटून ओळखायच्या.

"हा शाम्पू." थोड्या वेळाने, "हा ड्रायर."

वृद्धाश्रमात दार उघडताच टॉवेल, कंगवे आणि पावडरचा अख्खा डबा मेट्रनबाईंच्या स्वागताला बाहेर आले. बाईंचे काळे बूट पांढरे झाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्याच सगळं काढून टाकतो," ते पुटपुटले.

"उद्या काम उरलं तर ना."

तेवढ्यात व्हीलचेअरवरचे पहिले आजोबा आले. आधी इथे येणाऱ्या पार्लरच्या गाडीला उंच पायरी होती आणि प्रत्येकाला उचलून आत न्यावं लागे. इथे दार जमिनीलाच टेकलेलं. मदतनीसाने जरासा जोर लावला आणि आजोबा आत. केस कापताना हातपाय झाडायची त्यांची ख्याती होती. पण डब्याबरोबर खुर्चीही मागे कललेली, त्यामुळे टेकले आणि घोरायलाच लागले. पुढच्या आजी दाट केस धुऊन झाले तरी उठेनात. दाराबाहेर रांग लागली, रांगेत भांडणं लागली. शेवटी मेट्रनबाई नुसतं बघायला म्हणून स्वतः बसल्या आणि त्यांना हलवून जागं करावं लागलं.

"हा उतार मुद्दाम ठेवलाय का हो?" केस पुसत त्यांनी विचारलं.

उस्तादांनी खरं सांगायला तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"ह्यांची कल्पना. म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून खास गाडी उंच करून घेतली."

दर महिन्याचं काम पक्कं झालं. परतताना वहिनी गाणं गुणगुणत होत्या. उस्ताद मात्र स्टिअरिंगला चिकटून बसले होते.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मला ही झेपत नाही. चढताना कंबर धरते, उतरताना जीव घाबरतो. उद्या उतरवून आणतो, मगाशी म्हटलं तसं."

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. "त्या शेवटच्या आजी अजून जरा ताठच बसल्या होत्या. गॅरेजवाल्याला विचारा, आणखी थोडी उचलून मिळते का."