सगळीकडे म्हणजे सगळीकडे!

एकतीस वर्षांच्या विद्याव्यासंगात माझ्या कागदावर एकही चुकीचा शब्द राहिलेला नाही, हे मी नम्रतेचा कोणताही आव न आणता सांगतो! त्यामुळे शेजारच्या ताऱ्याकडे धाडायच्या यानाचा प्रस्ताव समितीपुढे जाणार होता, तेव्हा मला धास्ती होती ती एकाच व्यक्तीची : आमच्या टायपिस्टबाईंची.

यान चार ग्रॅमचे. लेसरच्या झोताने ढकलायचे, म्हणून इंधन नाही. आत माणूस नाही, हे सांगणे न लगे. मेहनत अकरा वर्षांची. प्रस्ताव फेटाळला गेला, तर आमच्या प्रयोगशाळेत मोडक्या खुर्च्यांचे भांडार थाटले जाणार होते.

चारला समितीची बैठक. पावणेचारला मसुद्यात मला दिसले : ‘उपकरणरहित यान’! उपकरणेच नसतील, तर ताऱ्याकडे पाठवायचे काय? सदिच्छा?

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"चुकून झालं, सर. एकाच ठिकाणी आहे. बदलते."

"तुमच्या ‘एकाच’वर माझा विश्वास नाही! ‘रहित’ दिसेल तिथे ‘सहित’ करा. सगळीकडे!"

"अहो सर, पण सगळीकडे केलं तर..."

"सगळीकडे म्हणजे सगळीकडे!"

त्यांनी थंडपणे एक कळ दाबली. प्रिंटरमधून निघालेले गरम कागद घेऊन मी धावत सुटलो.

समितीच्या अध्यक्षाबाई प्रस्ताव दोन बोटांत असा धरून बसल्या होत्या, की जणू तो चावेल.

"त्याला परत कधी आणणार?"

"आणायचंच नाही! वीस वर्षं जाईल, ताऱ्याचे फोटो पाठवेल. मग आपल्याला त्याचा काय उपयोग?"

"काही चाचण्या?"

"कडक! उणे दोनशे अंशांत दोन महिने ठेवलं. मग लेसरनं भाजलं. आधीच्या दोहोंची तर राखच झाली!"

समितीतल्या डॉक्टरांच्या हातून पाण्याचा पेला निसटला.

"घरच्यांची संमती घेतलीत?" त्यांनी विचारले.

"कुणाच्या घरच्यांची?"

"अहो, आत बसणाऱ्याच्या!"

अध्यक्षाबाईंनी मोठ्याने वाचले : "‘हे यान मानवसहित, इंधनसहित व पूर्णतः दोषसहित आहे.’"

"टायपिंगची चूक," मी पुटपुटलो.

"दुरुस्त प्रत पाचच्या आत. नाहीतर प्रयोगशाळा विसरा!"

मी धावत जिने उतरलो. घड्याळात पाचला दहा कमी!

"बाई! सगळ्या ‘सहित’चं ‘रहित’ करा!"

"सर, मी एकेक बघून..."

"वेळ नाही! सगळीकडे!"

"निदान एकदा वाचून तरी घ्या."

"एकतीस वर्षं वाचतोच आहे मी!"

पाचला दोन मिनिटे असताना प्रत पोचली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : ‘प्रस्ताव मंजूर. यान मानवरहित, इंधनरहित व दोषरहित असल्याचे वाचून समितीस समाधान वाटले. ते उपकरणरहितही असल्यामुळे प्रयोगशाळेची आवश्यकता दिसत नाही. जागा भांडाराकडे सोपवावी.’

सध्या मी तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळत हे लिहितो आहे. बाईंनी टाइप करून देऊ का, असे आपणहून विचारले. मी हातानेच लिहितो म्हणालो. वाचकांनी हे दोषसहित गोड मानून घ्यावे.