छतावरचा जावई

सासूबाईंना पलंगावर ठेवलं तेव्हा मास्तरांच्या छातीचा भाता झाला होता. स्ट्रेचर दारात वळेना, म्हणून गाडीवाल्याने आणि त्यांनी मिळून म्हातारीला चादरीसकट उचलून आत आणलं होतं. गाडीवाला निघून गेला आणि मास्तर तसेच पलंगाच्या कडेला टेकले. ‘कट्’ असा आवाज झाला.

“काय मोडलं?” बायकोने दारातून विचारलं.

“पलंग वाजला,” सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. “जुना दिसतोय.”

पलंग जुना होताच. विषय तिथेच संपला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. आणि सगळं दुखणं तिथेच होतं. चौदा वर्षांपूर्वी मुलीने कापड कापणाऱ्या माणसाशी लग्न केलं, ते सासूबाईंना काही केल्या पचलं नव्हतं. “सुईच्या टोकावर कुठे संसार उभा राहतो?” असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि उभा राहिलेला डोळ्यांनी दिसला तरी शब्द मागे घेतला नव्हता. वर्षातून दोनदा यायच्या, चहा घ्यायच्या आणि दिवे लागायच्या आत परत. मुक्काम कधी केला नाही. जावयाशी थेट बोलणं तर नाहीच नाही. मास्तर समोर बसलेले असायचे आणि त्या मुलीला सांगायच्या, “त्यांना म्हणावं, चहात साखर कमी आहे.” मुलगीही इमानेइतबारे मान वळवून म्हणायची, “अहो, साखर कमी आहे.”

अशा सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि कमरेच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी फर्मान काढलं : सहा आठवडे उताणं पडून राहायचं, मानेखाली उशीसुद्धा पातळ. भाच्याकडे न्यायचं ठरलं होतं, पण त्याच्याकडे खोलीचं रंगकाम निघालेलं. म्हणून आठवडाभर नाइलाजाने मुलीकडे.

“पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन येईल,” सासूबाईंनी आल्या आल्या जाहीर केलं. “तोवर काय ते काढते.”

स्वयंपाकघरात बायकोने पदर डोळ्यांना लावला. “एकदा तरी आईने आपण होऊन माझ्या घरी राहावं, एवढंच वाटत होतं हो. आली तीही हाड मोडून, आणि आल्यापासून रविवार मोजतेय.”

बायको रडली की मास्तरांच्या हातून बटणं उलटी लागायची. त्या दिवशी तीन लागली. चौथं लावताना त्यांनी ठरवलं, काही झालं तरी म्हातारीला रविवारी जाऊ द्यायचं नाही. पण ठेवायचं कसं? बोलणं नाही, वाचायला हात वर धरवत नाही, भिंतीवरचा टीव्ही बघायला मान वळत नाही. सकाळ ते संध्याकाळ नुसतं छत. मास्तरांनीही पाच मिनिटं आडवं होऊन ते छत बघितलं आणि उठताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिनेमा छतावरच लावायचा!

कापडाच्या कडा बांधणाऱ्या इंटरलॉकच्या नव्या मशीनसाठी त्यांनी थोडे पैसे बाजूला टाकले होते. त्यातले निम्मे काढायचे, वर एक दमडी नाही, असं स्वतःला बजावून, गळ्यातला टेप तसाच ठेवून ते चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले.

“हा घ्या मास्तर,” दुकानदाराने एक तळहाताएवढा प्रोजेक्टर पुढे केला. “फुल एचडी सपोर्ट!”

“सपोर्ट म्हणजे?”

“म्हणजे फुल एचडी सिनेमा याला चालतो.”

“चालतो हो. दिसतो का?”

दुकानदार जरा चपापला. “दिसतो... थोडा कमी.”

“म्हणजे आत टेरिकॉट आणि लेबल कॉटनचं. आणि हे नऊ हजार लुमेन उजेड लिहिलंय, ते खरं का?”

“ते खोक्यावरचं आहे, मास्तर. आतलं वेगळं असतं. पण तुमच्या बजेटात याच्यापेक्षा बरं काय येणार? हा पेनड्राइव्ह फुकट देतो. वीस सिनेमे आहेत.”

मास्तरांनी टेप काढून प्रोजेक्टरचं माप घेतलं, छताची उंची मनात धरली, इंचभर मार्जिन सोडलं आणि तो घरी आणला.

पहिल्या दुपारी बायको तिच्या ऑफिसात होती. मास्तरांनी गिऱ्हाइकं आवरली, प्रोजेक्टर सासूबाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर छताकडे तोंड करून ठेवला आणि सुरू केला. चित्र नेमकं पंख्यावर पडलं. नायिकेचं नाक एका पात्यावर, हनुवटी दुसऱ्यावर, आणि दोन्ही गरगरताहेत. पंखा बंद केला तर म्हातारी घामाने निथळायला लागली. मग पलंग ओढून कोपऱ्यात नेला. कोपऱ्यात खिडकीचा उजेड. मग कोटाच्या काळ्या अस्तराचे पडदे शिवले, तेही दुहेरी. दुसऱ्या दुपारी खोलीत असा मिट्ट काळोख झाला की मास्तरांना स्वतःची सुई दिसेना. छतावर मात्र समुद्र उसळला.

“आई, दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. मुलगी घरात नव्हती. निरोप कुणामार्फत पाठवणार?

“अंधुक आहे,” त्या छतालाच म्हणाल्या.

चौदा वर्षांतलं पहिलं थेट वाक्य! मास्तरांना ते तक्रार म्हणून ऐकूच आलं नाही. ते खुशीत भिंग गोल गोल फिरवून फोकस करत राहिले. पण उत्तर तेच. “अंधुक आहे.”

आता इथे मास्तरांच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कान धरून सांगितलं होतं : गिऱ्हाइकाच्या अंगात खोट काढायची नाही. एक खांदा उतरता असला तरी ‘शर्ट जरा पडलाय’ म्हणायचं आणि मुकाट्याने उसवायला घ्यायचं. पोट पुढे असलं तर कापड आटलं. तीस वर्षं मास्तरांनी हे व्रत पाळलं होतं. आई अंधुक म्हणतात ना? मग प्रोजेक्टर अंधुक.

“बदलून द्या,” तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

“मास्तर, एकदा वापरलेला...”

“तुमची पँट मी तीनदा उसवली. एक पैसा घेतला?”

दुकानदाराने निमूट बदलून दिला. दुसरा प्रोजेक्टर डब्याएवढा होता आणि थोडे पैसे वर पडले. तोही अंधुक. मग मास्तरांना छताचाच संशय आला. त्यांनी पांढऱ्याशुभ्र सॅटिनची चादर शिवून छताला ठोकली. तिला मधोमध झोळ पडला आणि सडपातळ नायकाला पोट सुटलं. मास्तरांनी शिडीवर चढून चादरीला चार चुण्या घातल्या, नायक पुन्हा बारीक झाला. सासूबाई म्हणाल्या, “अंधुक आहे.”

“आई, तुझा चष्मा कुठाय गं?” बायकोने एकदा विचारलंही.

“आहे पिशवीत. झोपलेल्या माणसाला कशाला चष्मा? नाकावर वळ पडतात.”

ते पटण्यासारखं होतं. शिवाय बायकोच्या डाळीला त्याच वेळी उकळी आली.

एक गोष्ट मात्र झाली होती. फुकटच्या पेनड्राइव्हवरचे सिनेमे सगळे परक्या भाषेतले निघाले. खाली बारीक अक्षरात आपल्या भाषेतला मजकूर यायचा. तो सासूबाईंना दिसेना, म्हणून मास्तर स्टूल ओढून शेजारी बसायचे आणि वाचून सांगायचे. पहिल्या सिनेमात समुद्राकाठी एक म्हातारी होती. मुलगी जहाजातून दूर गेलेली, आणि म्हातारी रोज धक्क्यावर वाट बघायची.

“आता कोण आलं?” सासूबाई विचारायच्या.

“शेजारीण. हिरवा झगा आहे. पण कॉलर फार ढोबळ काढलीय.”

“कॉलर राहू द्या. काय म्हणते?”

“म्हणते, वाट बघू नकोस. जेवून घे.”

“शेजारणींना काय जातंय बोलायला,” सासूबाई उसासून म्हणाल्या. “मग? पुढे?”

शेवटाकडे मास्तर जरा अडखळले. छतावरचा मजकूर येऊन गेला तरी ते गप्प. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. चादरीची कड म्हातारीने मुठीत घट्ट धरली होती. मास्तरांनी घसा खाकरला आणि भराभर सांगून टाकलं. सासूबाईंनी हळूच डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई.”

रोज दुपारी तीन ते पाच असं चालू झालं. दुकानावर पाटी लागली : ‘मास्तर कामात आहेत.’ गिऱ्हाइकं बोंब मारू लागली, आणि मास्तरांना खरंच सुख वाटत होतं. पण शनिवार उजाडला तरी भाच्याची गाडी काही रद्द झाली नव्हती. मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला : चित्र अजून अंधुक आहे, म्हणून म्हातारी थांबत नाही. ते प्रोजेक्टर काखोटीला मारून तिसऱ्यांदा दुकानात गेले. या वेळी दुकानदाराने हात जोडले.

“मास्तर, मीच येतो घरी. एकदा बघूच द्या मला ते अंधुक.”

दुकानदार आला, पडदे लागले, प्रोजेक्टर सुरू झाला. शनिवारची अर्धी सुट्टी घेऊन आलेली बायकोही दारात उभी राहिली. दुकानदाराने मान वर केली आणि ती तशीच ठेवली.

“मास्तर, अहो त्या नायकाच्या मिशीतला पांढरा केस मोजता येतोय! यापेक्षा काय स्वच्छ पाहिजे?” मग त्याने खाली बघितलं. “आजी, तुम्हाला चष्मा आहे का?”

मास्तर ताडकन उठले. “खबरदार! गिऱ्हाइकाच्या अंगात खोट काढता? आईंच्या डोळ्यांना नावं ठेवता?”

“अहो, मी नुसतं विचारलं...”

“तुमचा माल वाईट आहे म्हणा ना सरळ!”

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “ओरडू नका त्याच्यावर.”

बायकोने तोंडावर हात ठेवला. हा शब्द त्या घरात आजवर कुणी ऐकलाच नव्हता.

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि एक चष्मा बाहेर काढला. एक काच तडकलेली, दुसरी गेलेलीच, आणि एक काडी उलट्या बाजूला मुरगळलेली.

“तुम्ही मला आणून ठेवलंत त्या दिवशी चादरीतच होता. त्याच्यावर बसलात.”

मास्तरांचे डोळे मोठे झाले. “तो कट् आवाज?”

“पलंग नव्हता वाजला.”

“अगं आई, मग सांगितलं का नाहीस?” बायकोला हसावं की रडावं कळेना.

“काय सांगू?” सासूबाईंचा आवाज जरा चिरका झाला. “चौदा वर्षं ज्याच्याशी धड बोलले नाही, तो माणूस मला उचलून आणताना घामाने निथळत होता. तेव्हाच म्हणू, की माझा चष्मा फोडलात? म्हटलं, रविवारी जायचंच आहे. तिकडे गेल्यावर बघू. मला काय ठाऊक, हा माणूस अख्खं दुकान बदलत बसेल.”

दुकानदार म्हणाला, “मास्तर, मी निघू का? पँट मात्र पुन्हा जरा सैल करायचीय.”

“पँट आटली असेल,” मास्तर म्हणाले. “पाठवून द्या.”

रविवारी सकाळी मास्तर तो मोडका चष्मा घेऊन चष्मेवाल्याच्या दारात जाऊन बसले आणि दुपारी नवा चष्मा घेऊनच आले. सासूबाईंनी तो लावला. आधी मुलीकडे बघितलं, मग जावयाकडे, आणि मग म्हणाल्या, “तो समुद्राचा लावा. आता माझा मी बघते.”

मास्तर का कोण जाणे, कावरेबावरे झाले. “तो बघून झालाय की, आई. दुसरा लावू.”

“तोच लावा.”

लावला. सासूबाई एकेक ओळ वाचत शांतपणे बघत होत्या. मास्तर दाराशी उभे राहून नखं कुरतडत होते. शेवट आला. सासूबाई आधी दचकल्या, मग त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“हे काय? म्हातारी गेली? मुलगी यायच्या आधीच गेली?”

मास्तरांनी मान खाली घातली.

“तुम्ही तर सांगितलंत, मुलगी वेळेवर आली म्हणून! आणि तो जावई कुठाय? वादळात रात्रभर वल्ही मारत तिला घेऊन आला तो? मी तेव्हापासून शोधतेय त्याला. अख्ख्या सिनेमात नाही!”

“नाहीच तो, आई,” मास्तर पुटपुटले. “मूळ कापडात नव्हता. शेवट आखूड पडत होता, म्हणून मी जोड लावली.”

बायको पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. तेवढ्यात फोन वाजला. तिने कसाबसा कानाला लावला. “आई, तुझ्या भाच्याचा फोन. गाडी घेऊन निघू का विचारतोय.”

सासूबाईंनी नवाकोरा चष्मा उतरवला, नीट मिटला आणि उशाशी ठेवला.

“त्याला म्हणावं, सहा आठवड्यांनी ये. मी आहे माझ्या लेकीकडे,” त्या म्हणाल्या, आणि मग छताकडे बघत, पण अगदी थेट, “जावईबापू, तो जावईवाला सिनेमा लावा. पहिल्यापासून सांगा. आणि कॉलरबद्दलही सांगितलंत तरी चालेल.”

मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना छतावरचं सगळं अंधुक दिसत होतं. पण बसायच्या आधी त्यांनी हाताने स्टूल नीट चाचपून पाहिलं.