चार खांदे, तीन ब्रोच

लार्क नदीकाठच्या हुन्नावाडीत बेब्बाइतकी मानी बाई दुसरी नव्हती, असं खुद्द बेब्बाचंच मत होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजारणीकडे विस्तव नाही, नवऱ्याकडे लोकर नाही, आणि सासूकडे तर पाण्याचा घोटसुद्धा नाही! त्यामुळे म्हातारी ओसबर्ग ऐन उन्हाळ्यात तापानं गेली, तेव्हाही बेब्बानं कुणाला काही विचारलं नाही. तिचा बेत तयार होता.

बेत होता ब्रोचचा. ओसबर्गचे ब्रोच म्हणजे वाडीतलं वैभव. बशीसारखे गोल, सोन्याचा मुलामा दिलेले, दोन्ही अगदी एकसारखे. झग्याचे पुढचे-मागचे काठ खांद्यांवर त्यांनीच धरलेले असायचे. म्हातारी जेवायला बसली की एकदा तरी बजावायची, "मेल्यावरसुद्धा माझे ब्रोच माझ्याच खांद्यांवर राहतील, सांगून ठेवते!" सांगताना बघायची मात्र बेब्बाकडे. बेब्बा हंड्यातली जवाची पेज ढवळत राहायची आणि दात आवळून गप्प बसायची.

इकडे तिची लेक लिओबा सुगी झाली की नदीपलीकडे सासरी जायची होती. सासर चांगलं खातंपितं, मेंढ्यांनी अंगण भरलेलं. असल्या घरात पोरगी काळवंडलेले ब्रोच लावून उभी राहणार? बेब्बाचे स्वतःचे ब्रोच काशाचे होते, मडक्याच्या झाकणासारखे साधे, त्यांच्या लोखंडी पिनांना गंज चढलेला. ते लावून ती स्वतः या घरात आली, तेव्हा बायका तोंडावर हात धरून हसल्या होत्या. ते हसू ती विसरली नव्हती. लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मेलेल्या बाईला सजवायचं ते सुनेनंच, दार लावून, एकटीनं. बेब्बानं दार लावलं. सासूला उत्तम झगा घातला. सोन्याचे ब्रोच काढून घेतले आणि आपले काशाचे लावले. गंजलेल्या पिना कापडातून जाईनात, तिनं दाबून दाबून घातल्या. वरून लोकरीचं पांघरूण घातलं. झालं! कोण बघतंय?

ती उठली आणि तिचा झगा सर्रकन खाली घसरला.

ही गोष्ट बेतात नव्हती. आपले ब्रोच सासूला दिल्यावर आपला झगा कशावर राहणार, याचा विचारच बाईंनी केला नव्हता! बाहेरून नवरा हाक मारत होता, "झालं का गं? माणसं जमलीत!" घाईघाईनं बेब्बानं सासूचे ब्रोच स्वतःच्याच खांद्यांना लावले, दिवाणाखालची हिवाळ्यातली जाड शाल ओढून काढली, हनुवटीपर्यंत गुंडाळली आणि दार उघडलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. कुत्रीसुद्धा गाडीखाली पडून होती.

"शाल?" दुद्दा, म्हणजे तिचा नवरा, बघतच राहिला. "अगं, ताप आलाय का तुला?"

"नाही हो."

"मग चेहरा का असा लालबुंद झालाय? आई अशीच तापानं गेली! आता तू पण?"

ताप हा शब्द ऐकताच सगळे चार पावलं मागे सरकले. कुणी कांद्याचा रस आणायला धावलं. आणि नेमक्या त्याच वेळी नदी उतरून मिल्द्रिथ आली, लिओबाची होणारी सासू. डोक्यावरचं लांब फडकं सावरत तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "या घरात साथ आहे का?"

साथीच्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

"साथ नाही, विहीणबाई!" बेब्बा म्हणाली. "दुःखानं अंगात हुडहुडी भरलीय, म्हणून शाल."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. या घरातली सासू-सुनेची भांडणं नदीपलीकडे ऐकू जात होती! पण बेब्बाच्या गालांवरून घामाच्या धारा वाहत होत्या, आणि लांबून त्या आसवांसारख्या दिसत होत्या.

"कोण म्हणत होतं हिला सासूचं काही नाही म्हणून?" वुल्फ्रन मावशी गहिवरली. ती ओसबर्गची सख्खी बहीण. वाडीत काय रीतीचं आणि काय बेरीतीचं, हे ठरवणारी तीच. "बघा, शिका सुनांनो! उन्हात थरथरतेय बिचारी!"

मग काय, बायकांनी गळा काढला. बेब्बाला मिठ्या मारल्या. प्रत्येक मिठीला शाल सरकायची आणि बेब्बा ती पुन्हा गच्च ओढायची. ती जितकी ओढे, तितकं तिचं दुःख लोकांना मोठं वाटे. मिल्द्रिथनंही डोळे पुसले. "अशा घरची मुलगी मिळतेय, आमचं नशीब," ती म्हणाली. बेब्बाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

धरणीनं फार वाट पाहायला लावली नाही. पुरुषांनी म्हातारीला वाडीबाहेर नेऊन हलकेच पुरायच्या खड्ड्यात ठेवलं आणि मावशी म्हणाली, "गळ्यातले काचमणी नीट करायला कुणीतरी खाली उतरायला हवं. बेब्बाशिवाय हा मान कुणाला?"

"मावशी, तुम्हीच..."

"उतर गं पोरी. तिला आवडेल."

बेब्बा उतरू लागली. दुद्दा काठावर उभा राहून हात देत होता. भला माणूस! बायकोची काळजी करता करता त्याचा पाय नेमका शालीच्या टोकावर पडला. बेब्बा खाली गेली. शाल वर राहिली.

भर उन्हात दोन्ही खांद्यांवर सोनं लखलखलं.

रडणं थांबलं.

"ओसबर्ग," मावशी त्या ब्रोचकडे बघत, खड्ड्यात वाकून म्हणाली, "तू उभी कशी राहिलीस गं?"

कुणी हसलं नाही. बेब्बानं वर पाहिलं. लिओबाचा चेहरा पांढरा पडला होता. मिल्द्रिथ डोळे बारीक करून बघत होती. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि पांघरूण बाजूला केलं.

"देते," ती पुटपुटली. "तुमचे तुम्हाला देते."

तिनं सासूच्या उजव्या खांद्यावरचा काशाचा ब्रोच ओढला. पिन निघेना. जोर लावला. कट्! पिन मोडली, अर्धी कापडात आणि अर्धी हातात.

झाली पंचाईत! चार खांदे आणि ब्रोच तीन. सोन्याचे दोन्ही सासूला द्यावेत, तर स्वतःचा एक खांदा उघडा पडतो. एक ठेवून घ्यावा, तर मेलेल्या माणसाच्या शब्दाला बट्टा लागतो. आणि लेकीच्या खांद्यांचं तर विचारूच नका.

बेब्बानं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारी शांत होती. इतक्या जवळून, न भांडता, बेब्बानं तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता. हनुवटी थेट लिओबाचीच होती! तिला एकदम भडभडून आलं.

"सासूबाई," ती म्हणाली, आणि वाडीनं ऐकलं, "मला द्या ना हो हे. माझ्यासाठी नको. लिओबासाठी द्या. हात जोडून मागते."

"मागितलंस एकदाचं!" वरून मावशी ओरडली.

"काय?"

"अगं, त्या एका शब्दासाठी ताटकळली होती ती! मला म्हणायची, 'रोज तिच्या तोंडावर सांगते की ब्रोच खड्ड्यात नेणार. एकदा तरी म्हणेल, आई, नेऊ नका, मला द्या. म्हणाली की दोन्ही तिच्या हातावर ठेवीन.' पण तू कसली मागतेस! आणि ती कसली आपणहून देतेय! दोघी एकाच मातीच्या मेल्या." मावशीनं नाक पुसलं. "घे दोन्ही. तिचीच इच्छा होती."

बेब्बा ढसाढसा रडली. इतकी वर्षं, इतक्या जेवणांना, एक शब्द! मग तिनं डोळे पुसले आणि वर लेकीकडे बघून म्हणाली, "लिओबा, तुझे झाले गं बाई! आता ताठ खांद्यांनी जा."

लिओबानं हळूच मिल्द्रिथकडे पाहिलं.

मिल्द्रिथ खाकरली. "विहीणबाई, राग मानू नका," ती खड्ड्यावर वाकत म्हणाली, "पण आमच्याकडे आता ब्रोच कुणी लावत नाही."

"म्हणजे?"

वाकता वाकता मिल्द्रिथच्या खांद्यांवरून फडकं सरकलं. झग्याच्या खांद्यांवर ना सोनं, ना कासं. नुसती बारीक टाक्यांची शिवण.

"खांदे शिवूनच टाकतो आम्ही. नवी पद्धत आहे. लिओबाचेही दोन झगे मी शिवून ठेवलेत. तिला माहीत आहे."

"तुला माहीत होतं?" बेब्बा किंचाळली.

"तू विचारलंस कधी, आई?"

बेब्बानं आपल्या खांद्यांवरचे सोन्याचे ब्रोच एकेक करून काढले आणि सासूच्या दोन्ही खांद्यांना लावले. काचमणी सरळ केले. हनुवटीवरून एकदा हात फिरवला. राहिलेला काशाचा ब्रोच स्वतःच्या डाव्या खांद्याला लावला आणि उजवा काठ मुठीत घट्ट धरून उभी राहिली. एका हातानं खड्ड्यातून वर येणं जमेना. दुद्दानं काखेत धरून ओढली, मिल्द्रिथनं कंबरेला धरली, आणि सासूच्या उशाची बरीचशी माती अंगावर घेऊन ती कशीबशी काठावर आली.

पुरुषांनी माती लोटायला सुरुवात केली. मिल्द्रिथनं कमरेच्या पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला आणि तिथेच उभ्याउभ्या बेब्बाचा उघडा खांदा शिवायला घेतला.

"हलू नका," ती म्हणाली. "आता घट्ट शिवते, परत सुटायला नको."

खड्ड्यात मातीचं ढेकूळ पडलं. बेब्बाचे खांदे हलले.

"नको, विहीणबाई. जरा सैलच शिवा," ती म्हणाली. "मला अजून खूप रडायचंय."