तहानेचं मडकं

दोमाजीकाका लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाआधी भाताचं एक शीत बोटावर धरायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "याच्या मायनं लय सोसलं." वाढपी वरणाचं भांडं घेऊन ताटकळत राहायचा.

मी आसगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, काका माझे शेजारी. रोपानं सोसलेलं त्याच्या बियांत उतरतं, असं त्यांचं ठाम मत. "धान भुलत नाही, गुर्जी!" म्हणून घरात बियाण्याची दोन मडकी. एकात पुरातून वाचलेल्या धानाचं बी. दुसऱ्यात, तळं आटलं त्या वर्षी जी मूठभर रोपं तगली, त्यांचं. या तहानेच्या मडक्याजवळ कुणी पाण्याचा तांब्या ठेवला की काका खवळायचे, "आदत बिघडवता काय त्याची?"

मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

एका संध्याकाळी ते ओसरीवर येऊन बसले. मुलगा पुण्यात, नात तिथेच जन्मलेली. पाच वर्षांची झाली तरी तिनं गाव पाहिलं नव्हतं.

"गुर्जी, खरं सांगा. मायबापाचं लेकरात उतरते ना?"

मला वाटलं, पुन्हा धानच. "नाही, काका. सोसलेलं उतरत नाही. नवीन बी म्हणजे कोरी पाटी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," म्हणून काका चहा न घेताच उठले. मी मात्र जिंकल्याच्या खुशीत दोन्ही कप प्यालो.

पुढच्या वर्षी भंडाऱ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलं: दुष्काळ सोसताना रोपाच्या जनुकांवर खुणा उमटतात. जनुकं तीच राहतात, पण काही खुणा बियांतून पुढच्या पिढीत जातात. भातातसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटीतून उतरलो तो थेट काकांकडे.

"काका, तुमचंच खरं! सगळं नाही, पण थोडं उतरतं. काढा ते तहानेचं मडकं, यंदा लावून बघू."

मडकं कोपऱ्यात पालथं होतं.

"तुमीच म्हनले ना, काहीच उतरत नाही. मंग ठेवून काय करू? भरडून आनलं आन् तांदूर पुन्याले धाडला. म्हनलं, नातीच्या पोटात तरी जाऊ दे गावचं."

"खाल्ला तिनं?"

"जाडा लागते म्हने. तिले बारीक पायजे."

काका हळूच म्हणाले, "पन थोडं उतरते म्हनता ना?"

"उतरतं, काका."

मडक्यात एक दाणासुद्धा उरला नव्हता. नाहीतर मी त्यांना लावून दाखवलं असतं.