लिफ्टवरच्या स्क्रिप्टची कार्यमुक्ती

आमच्या कार्यालयात चालू प्रोग्रामवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट कार्यमुक्तीचा आदेश मिळाल्याशिवाय जागा सोडत नाही. नियम चांगलाच आहे, मी कधी त्याविरुद्ध बोललो नाही. लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर अशी एक स्क्रिप्ट मार्चपासून बसवली होती. प्रोग्रामने पाऊल उचललं की ती त्याचा हात धरायची, नोंद करायची आणि हात सोडायची.

मंगळवारी सव्वाअकराला धारणकर साहेबांनी तिला बंद व्हायला सांगितलं. नेमका तेव्हा प्रोग्रामचा हात तिच्या हातात होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. आत माझी बायको कुमुद होती, अभिलेख विभागातली. तिला दमा आहे. तिचा पंप माझ्या टेबलावर राहिला होता, तो घेऊन मी साहेबांकडे धावलो.

"मी निघायला तयार आहे," साहेबांच्या संगणकातून स्क्रिप्ट म्हणाली. "आदेश?"

साहेबांनी घाईघाईने आदेश काढून सही केली.

"यात मध्यान्होत्तर लिहिलंय. म्हणजे मी कार्यालय सुटल्यावर मोकळी होणार."

"अहो बाई, तो छापील नमुना आहे! सगळ्यांना तोच देतो."

"कल्पना आहे, साहेब. तरी."

वर कुमुद खोकत होती. पोलादी दारातूनही ऐकू येत होतं.

"साहेब, जबरदस्तीने काढून टाका हिला!" मी ओरडलो.

"वाघचौरे, शुद्धीवर या. शेजारच्या इमारतीत तेच केलं. स्क्रिप्ट गेली, धरलेला हात तसाच राहिला. त्यांचे देवधर पुढच्या महिन्यात लिफ्टमधूनच निवृत्त होतायत. तिथे निदान जाळीचं दार आहे, डबा तरी आत जातो."

त्यांनी 'मध्यान्होत्तर' खोडून 'मध्यान्हपूर्व' केलं, खोडाखोडीवर पुन्हा सही केली. अकरा चाळीस झाले होते.

"आता कार्यभार कोण घेणार?" स्क्रिप्टने विचारलं. "हात अधांतरी कसा सोडू?"

"मला खालच्या पदाचा कार्यभार घेता येत नाही," साहेब म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले.

वरचा खोकला थांबला.

मी 'कार्यभार घेतला' लिहून सही ठोकली. इतका घाबरलो होतो की तारीख कालची पडली. स्क्रिप्टने ती सुधारून घेतली.

"एकूण फेऱ्या चार हजार दोनशे आठ," ती म्हणाली. "फार घट्ट धरू नका, त्याला घाम येतो. येते मी."

प्रोग्रामचा हात माझ्या डाव्या हातात आला. ओलसर होता. मी नोंद केली, हात सोडला. लिफ्ट खाली आली. कुमुद भिंतीला धरून बाहेर पडली, ओठ निळे झाले होते. मी उजव्या हाताने पंप तिच्या तोंडाला लावला. तिने तीनदा ओढला आणि मला रडू आवरेना.

"चला घरी," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"आदेश आला की येतो."

"आदेश आत्ता देतो," साहेब म्हणाले. "कार्यभार घेणारा आणा."

कुमुदने टेबलावरचं पेन उचललं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. मी हात धरला, नोंद केली, सोडला.