गव्हाणे सरांचं थंडीचं गाणं

लग्नाच्या मुलीचा फोटो घेऊन बाप दारोदार फिरतो, तसे आमचे गव्हाणे सर गाणं घेऊन फिरतात. पालमच्या आमच्या शाळेत ते संगीत शिकवतात, मी गणित. नाताळ आणि संक्रांतीच्या मधे आमचं गॅदरिंग असतं, आणि त्यात सगळ्या पोरांनी मिळून थंडीचं एक गाणं म्हणायचं, ही शाळेची पद्धत. दुसरा कुणी असता तर मोबाईलवरून एखादं गाणं उतरवून मोकळा झाला असता. सर आधी गाणं लिहितात, मग पोरांच्या घरोघरी नेऊन म्हणून दाखवतात, आणि शेवटी विचारतात, “कुणाचं मन दुखत न्हाई ना?”

आता पालमच्या माणसांची मनं काही एवढी नाजूक नाहीत. एस.टी.तल्या जागेवरून भांडतील, पण गाण्यावरून कशाला दुखतील? हे सरांना कोण सांगणार! समोरचा नुसता खोकला तरी ओळ कटते.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत फिरले. हेडसरांनीच मला मागे लावून दिलं, गाणं एकदाचं संपवून आणा म्हणून. पहिली ओळ तिळगुळाची होती. हलीमाच्या अम्मीनं ती ऐकून मान डोलावली. आमच्यात संक्रांत नसते, पण शेजारून तिळगूळ आला की दुपारपर्यंत उरत नाही, असं हसत सांगितलं. सरांनी बाहेर येताच ओळ खोडली. दुसरी ओळ हुरड्याची. मारुतीची आई दुसऱ्याच्या वावरात कामाला जाते. ती म्हणाली, हुरडा आमी भाजून देतो, खाणारे परभणीहून गाडीतून येतात. ही ओळ गेली ते मलाही पटलं. पण गोधडी? गोधडीनं कुणाचं काय बिघडवलंय? तर किराणा दुकानवाल्यांच्या पिंकीकडं सगळी ब्लँकेटं आहेत, तिला बाजूला पडल्यासारखं वाटेल म्हणे. मी कपाळाला हात लावला.

शेवटी हेडसरांपुढं गाणं म्हणून दाखवायची वेळ आली. सरांनी पेटी उघडली, सूर धरला, “थंडी आली, थंडी आली, थंडी आली हो” म्हणाले आणि थांबले. हेडसरांनी पुढचं म्हणा म्हटलं.

“पुढचं कुणाला ना कुणाला लागतंय, सर.”

हेडसर असे तापले की विचारू नका. परवापर्यंत गाणं झालं तर झालं, नाहीतर यंदा गाणं बंद, त्या जागी कवायत. सरांचा चेहरा एवढा उतरला की मला त्यांना चिडवायचं सुचेना. माणूस वर्षभर त्या एका गाण्यासाठी जगतो हो!

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा हलीमाच्या घरी. सरांनी खोडलेल्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या. अम्मी चहा गाळता गाळता ऐकत होती. म्हणाली, “सर, निकालते कायकू? सबके घर का एकेक डालो ना.”

सर चहा तसाच ठेवून उठले. सकाळी गाणं तयार. अर्ध्या पोरांनी विचारायचं, थंडी आली, हलीमाच्या घरी काय? बाकीच्यांनी सांगायचं, पायाचा शोरबा! मारुतीच्या घरी कापसाच्या पऱ्हाट्यांची शेकोटी. नर्सबाईंच्या रूथच्या घरी दारावर नाताळची चांदणी. पिंकीच्या घरी मऊ मऊ ब्लँकेट. आमच्या जोशी क्लार्कांच्या वैदेहीकडं तिळाची पोळी, आणि शोरब्याची ओळ सगळ्यात मोठ्यानं म्हणायची ती वैदेहीच. जोशी तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

गाणं ठरलं, तरी सरांच्या फेऱ्या काही थांबेनात. आज रूथच्या घरी चाल पसंत आहे का विचारायला, उद्या मारुतीच्या. मी म्हटलं, सर, स्थळ पसंत झालं, आता साखरपुडा उरकूनच थांबणार का?

ते हसले. मग म्हणाले, “घरी जाऊन काय करू, बाई? हिवाळ्यात लय लवकर अंधार पडतो.”

बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी पुण्याला. हे मला ठाऊक होतं, पण कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

शेवटच्या तालमीला मारुतीनं विचारलं, सर, तुमच्या घरी काय? “माझं राहू दे रे,” म्हणून सरांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

गॅदरिंगला मात्र शेवटची ओळ झाली तरी पोरं खाली उतरेनात. अर्ध्यांनी विचारलं, “थंडी आली, सरांच्या घरी काय?”

“आमी!” बाकीची ओरडली.

सरांची पेटी थांबली. पोरं कसली थांबतात, त्यांचं आमी आमी चालूच. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच सर माझ्या दारात, इस्त्रीचा शर्ट घालून. आत या म्हटलं तर येईनात.

“बाई, जास्तीचे कप हायेत का हो? पोरं खरंच यायलीत. माझ्याकडं एकच हाय.”