आजेसासऱ्यांचा शर्ट आणि माझे आठ बार

वेळ वाचवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात सापडायचा नाही! ही बढाई नव्हे, पगारच त्याचा मिळतो. आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मी हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या पाठीशी उभा राहतो आणि खुर्चीचा चौथा पाय बसवायला तिसऱ्यापेक्षा दोन सेकंद जास्त का लागले, ते वहीत लिहितो. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी कोणी बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर असा मी, मर्ल हाउप्ट, दरवर्षी नाताळ उलटला की सासऱ्यांच्या जंगलातल्या खोपीवर हरणाच्या शिकारीला जातो. त्या दिवसांत आमच्याकडे फक्त ठासणीची बंदूक चालते, तीही चकमकीची. नळीच्या तोंडातून दारू ओता, तुपकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी घाला, गजाने खाली ठासा, बाजूच्या वाटीत ठिणगीने पेटणारी चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, टाका, घोडा मागे ओढा आणि मग झाडा. चुकलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून! तेवढ्यात हरीण घरी जाऊन बायकोला सगळी हकिगत सांगून मोकळं झालेलं असतं.

आणि आमच्या खोपीवर चुकण्याला शिक्षा आहे. ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचा तुकडा कापायचा, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि भिंतीवर ठोकायचा. कात्री सासऱ्यांच्या ताब्यात. एमेट झर्बी त्यांचं नाव, वय चौऱ्याहत्तर, दृष्टी अजून घारीची. मला जावई होऊन अकरा वर्षं झाली आणि भिंतीवर माझ्या नावाचे तुकडेही अकरा झाले. माझा मेहुणा गेलन पाहुण्यांना ती भिंत दाखवून सांगतो, "हा आमच्या दाजींचा कपडेपट!"

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोने, व्हर्नाने, माझ्या हातात एक लोकरी शर्ट ठेवला. लाल-काळ्या चौकडीचा. तिच्या आजोबांचा! हे आजेसासरे तीस वर्षं त्याच खोपीवर शिकारीला गेले, आणि तीस वर्षांत भिंतीवर त्यांच्या नावाचा सुतळीएवढा तुकडा नाही! व्हर्नाने शर्ट माझ्या मापाचा करून घेतला होता. "घाल," ती म्हणाली, "पण आहे तसा परत आण. आजोबांची एवढी एकच वस्तू राहिलीय माझ्याकडे." तिचा आवाज जरा जडच झाला होता.

पण हाउप्ट घाबरणारा नव्हे! खोपीच्या नियमांत एक पळवाट होती. नेम चुकल्यावर जागेवरून न हलता त्याच हरणाला पुढच्या कुठल्याही बाराने पाडलं, तर आधीच्या सगळ्या चुका माफ. आजवर कोणाला ते जमलं नव्हतं, कारण बंदूक पुन्हा भरायला दोन मिनिटं लागतात. लागतात तुम्हाला! मी प्लॅस्टिकच्या सात नळ्या घेतल्या. प्रत्येकीच्या एका कप्प्यात मोजून दारू, दुसऱ्यात चिंधीसकट गोळी. नळ्या दोरीत ओवून गळ्यात अडकवल्या. एक बार बंदुकीत, सात गळ्यात. गॅरेजात दारूशिवाय सराव केला. पंचवीस सेकंद!

खोपीवर पोचलो तेव्हा सासरे आणि गेलन बिटाच्या रसात मुरवलेली अंडी खात बसले होते. माझ्या गळ्यातल्या नळ्या पाहून गेलनचं अंडं घशातच अडकलं.

"दाजी, हे काय? गाईच्या गळ्यातली घंटा?"

"ह्याला तयारी म्हणतात!"

"छान छान. हरवलात तर आवाजावरून शोधू."

सासऱ्यांचं लक्ष शर्टाकडे गेलं. त्यांनी बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "शर्ट ओळखीचा आहे. कात्रीला मात्र ओळख नसते, बरं का."

"बाबा, तुमच्या कात्रीला यंदा गंज चढणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे ओढ्यापलीकडे गेले आणि मी अलीकडच्या उतारावर बसलो. गुडघाभर बर्फ होता, झाडाचं पानही हलत नव्हतं. नऊच्या सुमाराला समोरच्या झाडांतून एक हरिणी बाहेर आली. साठ पावलांवर उभी! मी नेम धरला आणि घोडा सोडला. ठो! समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली. ठासणीच्या बंदुकीचं हे असं असतं, बार झाडला की आपल्यालाच काही दिसत नाही. धूर जरा विरळ झाला, तर हरिणी उभीच. म्हणजे पहिला बार चुकला होता.

पण ती हलली नव्हती! माझी पळवाट डोळ्यांसमोर उभी होती, कान टवकारून. मी नळी उघडली, दारू ओतली, गोळी घातली, ठासली, रंजक टाकली. सव्वीस सेकंद! ठो! पुन्हा धूर, पुन्हा तपकिरी आकृती, तिथल्या तिथे. किती समजूतदार जनावर! तिसरा बार. चौथा. घामाने शर्ट भिजला, पण हात असा बसला होता की माझ्या मागे मीच घड्याळ घेऊन उभा असतो तर स्वतःला बढती दिली असती! पाचव्या वेळी तर मी इतकी घाई केली, की ठासायचा गज बंदुकीच्या नळीतून काढायचाच राहिला. ठो! बाराबरोबर गजही सूं करत गेला.

मग वाऱ्याची झुळूक आली आणि धूर पूर्ण हटला. समोर मोडक्या झाडाचा एक बुंधा होता, वर कानांसारखे दोन ढलपे. हरिणी पहिल्याच बाराला पसार झाली होती. पुढचे चार बार मी लाकडावर झाडले होते! आणि बुंध्याजवळ जाऊन पाहिलं, तर त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता. गज शेजारच्या झाडात वीतभर रुतला होता आणि हलवता हलेना.

मी मनात म्हटलं, कोणी पाहिलं नाही. पहिल्या बाराचा एक तुकडा द्यावा लागेल, तोही आतल्या बाजूचा मागून घेऊ. एवढ्यात मागून आवाज आला, "बंदूक खाली ठेवा!"

शिकारखात्याच्या रेनशॉबाई! उंच, तरुण, हातात वही. आणि त्यांच्या मागून, आवाज ऐकून धापा टाकत आलेले सासरे आणि गेलन.

"तीन मिनिटांत पाच बार," बाई म्हणाल्या. "मी मोजलेत. कोणी झाडले?"

"आमच्या बंदुका भरलेल्याच आहेत," सासरे लगेच म्हणाले. "बघून घ्या."

"मी... मी एकच झाडला," मी म्हणालो. "बाकीचे त्या डोंगरापलीकडून..."

बाईंनी बर्फाकडे पाहिलं. "इथे दुसऱ्या कोणाचं पाऊल नाही. एक बार ह्या बंदुकीचा म्हणता, मग उरलेले चार कुठल्या बंदुकीचे? चकमकीच्या बंदुकीतून एवढ्या भराभर बार निघत नाहीत. दुसरी बंदूक कुठे लपवलीत? ह्या दिवसांत दुसरी चालत नाही, ठाऊक आहे ना? परवाना जाईल, ही बंदूकही जप्त होईल."

बघा आता! एकच बार म्हणावं तर मी गुन्हेगार, पाचही माझेच म्हणावं तर आजेसासऱ्यांच्या शर्टाचे पाच तुकडे! इकडे आड, तिकडे विहीर. मला व्हर्नाचा जड झालेला आवाज आठवला. पण घरी बंदुकीशिवाय आणि परवान्याशिवाय कोणत्या तोंडाने जाणार?

"पाचही माझे!" मी ओरडलो. "ह्याच बंदुकीतून! आणि पाचही चुकले!"

माझ्या मागे कात्रीचा कच् कच् आवाज आला. सासरे ती खिशात घेऊनच फिरतात.

"पाचवा चुकला म्हणता येणार नाही, बाबा," गेलन गंभीरपणे म्हणाला. "गज झाडाला लागलाय."

"झाडावर नेम धरला होता का, जावईबापू?"

"नाही," मी म्हणालो.

"मग चुकला."

रेनशॉबाईंना हे काही पटेना. "चकमकीच्या बंदुकीतून? अशक्य!"

आता काय सांगू तुम्हाला! गप्प राहायला हवं होतं. पण वेगाच्या बाबतीत मला कोणी 'अशक्य' म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. "घड्याळ काढा!" मी गरजलो. "तीन नळ्या शिल्लक आहेत. गेलन, तुझा गज दे!"

गेलनने गज दिला आणि पिशवीतला कॉफीचा रिकामा डबा बुंध्यावर नेऊन ठेवला. "उगाच हवेत कशाला, दाजी? काहीतरी समोर असलं म्हणजे बरं."

ठो! ठो! ठो! बाईंनी घड्याळ पाहिलं. अठ्ठ्याहत्तर सेकंद! डबा जसाच्या तसा होता, वर एक पक्षीही येऊन बसला.

"माफ करा, मिस्टर हाउप्ट," बाई वही मिटत म्हणाल्या. "तक्रार रद्द. इतक्या वेगाने चुकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

"बाई," सासरे अदबीने म्हणाले, "हे तीनही चुकले, हे तुम्ही सरकारी माणसाने स्वतः पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग आठ झाले!"

"अहो बाबा, तो डबा होता! हरीण नव्हतं!"

"आधीच्या चार वेळा तरी कुठे हरीण होतं?" सासरे म्हणाले.

खोपीवर त्यांनी मला मधोमध उभं केलं. मी शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, हा तुमच्या वडिलांचा शर्ट आहे. तीस वर्षं ह्याला कात्री लागली नाही!"

त्यांचा हात थांबला. ते बाकावर बसले आणि कात्री पुसायला लागले. मला वाटलं, सुटलो!

"खरं सांगू का?" ते हळूच म्हणाले. "म्हाताऱ्याचा नेम कधी चुकला नाही, कारण त्याने कधी बार झाडलाच नाही. पुन्हा भरायचा कंटाळा! सकाळी बंदूक ठासायची आणि झाडाला टेकून दुपारपर्यंत घोरायचं. हरणं त्याच्या पिशवीतली सफरचंदं खाऊन जायची. व्हर्नाला मात्र कधी सांगितलं नाही. तिचा फार जीव होता त्याच्यावर. तुम्हीही बोलू नका."

आणि मग कच्! आठ वेळा!

घरी पोचलो तेव्हा व्हर्ना स्वयंपाकघरात होती. मी कोट गळ्यापर्यंत लावून उभा.

"कोट काढ," ती म्हणाली.

काढला. शर्टाची कॉलर, दोन बाह्या आणि मधली गुंड्यांची पट्टी एवढंच अंगावर होतं. मला खरोखर स्वतःची लाज वाटली. सासऱ्यांनी बोलू नका म्हटलं होतं, म्हणून खाली मान घालून म्हणालो, "तुझ्या आजोबांचा नेम माझ्यात नाही गं. चुकलो. आठ वेळा चुकलो."

ती कॉलरला हात लावून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मी तिला जवळ घ्यायला गेलो, तर बाईसाहेब हसत होत्या!

"आजोबांचा कसला नेम? लहान असताना दुपारी त्यांना उठवायला मीच जायचे! बाबांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यांनी मला."

"अगं, मग हा शर्ट मला दिलास कशाला?"

"वाटलं, आजोबांचा शर्ट अंगात असला की तू भीतीने एकही बार झाडणार नाहीस. एक वर्ष तरी भिंतीवर नवीन तुकडा लागणार नाही!" तिने डोळे पुसले आणि एका बाहीवरून हात फिरवला. "आठ बार! किती वेळ लागला रे?"

"तीन मिनिटं, आणि वर अठ्ठ्याहत्तर सेकंद."

"तीस वर्षं टिकलेला शर्ट, मर्ल," ती म्हणाली, "साडेचार मिनिटांच्या आत संपवलास!"

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला अभिमानच वाटला.